फेस बसेपर्यंत

खोटं वाटलं तर हा चहा माझ्याकडून. अंबडला माझं शिंदीचं दुकान होतं तव्हा निजामाचा कायदा कडक होता. दुकानात जुगार दिसला की परवाना गेलाच. म्हणून पत्ते, कवड्या मी दारातच काढून घ्यायचो.

एका सकाळी आबकारीचा, म्हंजी दारूखात्याचा, दरोगा तपासणीला आला. आत चार गिऱ्हाइकं आपापल्या पेल्याकडं टक लावून गुमान बसल्ती. त्यांची पैज लागल्ती, म्हंजी जुगारच. ज्याचा फेस आधी बसंल त्यानं समद्यांना पाजायची.

"ये क्या चल रहा है?"

"फेस बसायची वाट बघून राह्यलेत, हुजूर. मिशा भरतात."

दरोग्यानंही पेला मागितला. जरा वेळ तोही बघत बसला, पैज वळखली, अन् न राहवून त्यानं रुपया ठेवला. "मेरा सबसे आखिर में बैठेगा."

मी रुपया उचलून त्याच्या हातात दिला. "जुगाऱ्याला बाहेर काढायचा हुकूम हाय, हुजूर. तुमच्याच खात्याचा. उठा."

दरोगा रुपया घेऊन उठला. दारातून तेवढा वळला.

"पहले किसका बैठा?"

"तुमचाच, हुजूर."

मंग त्यानं समद्यांना पाजली, उंबऱ्याबाहेर उभं राहून.