गरम इंजिन आणि दीडशे अंडी

सासू : ओत की गं आता, कशाची वाट बघतेस? सकाळपासून वीज नाही, त्यात हा जनरेटरही बंद पडला. उबवणीच्या पेटीतली दीडशे अंडी गार पडतील.

सून : इंजिन तापलंय, आई. आत्ता पेट्रोल ओतताना थेंबभर जरी वर सांडलं, तरी भडका उडेल. पंधरा मिनिटं थांबू.

सासू : थेंबाचा भडका?

सून : त्याची वाफ पेटते. ती दिसतही नाही. आमच्या दादानं फवारणीच्या पंपात असंच ओतलं होतं. भुवयांवर निभावलं.

सासू : तरीच तुझ्या लग्नात त्याची एक भुवई वर नि एक खाली होती.

सून : मीच काढल्या होत्या, काजळानं. घाईत.

सासू : बरं, तोवर पेट्रोल तरी आणते. ओट्याखाली आहे, सरबताच्या बाटलीत.

सून : तिथे नाही आता. सकाळीच मी ते पेट्रोलच्या डब्यात ओतलं आणि डबा मागच्या शेडमध्ये ठेवला. शेगडीखाली पेट्रोल ठेवतात का, आई?

सासू : हाताशी असावं म्हणून ठेवलं.

सून : आणि बाबांनी सरबत म्हणून तोंडाला लावलं असतं तर?

सासू : लावलंच असतं. त्यांना वास घ्यायचाही धीर नसतो. चुकलं माझं. पण इकडे खिडकीतून बघ, पेटीतल्या उष्णतेचा काटा साडेसदतीसवरून छत्तीसवर आलाय. अंडी तुझी आणि जीव माझा टांगणीला. तुला काहीच कसं वाटत नाही गं?

सून : वाटतंय तर. पहिलीच खेप माझी. वीस दिवस सांभाळलीत, उद्या फुटायची. आत जीव आहे की नाही, तेही ठाऊक नाही. आई, तुमच्या माहेरी कोंबड्या होत्या ना? खुडूक कोंबडी अंड्यांवरून कधी उठतच नाही का?

सासू : उठते की रोज. दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते. चांगली पंधरा-वीस मिनिटं... अगंबाई. आणि अंड्यांना काही होत नाही.

सून : मग आपलीही दाणे टिपायला गेलीय म्हणा. फक्त पेटी उघडू नका.

(पंधरा मिनिटांनी, अंगणात.)

सासू : काठोकाठ भर ना, सारखं ओतायला नको.

सून : नाही, वर जागा सोडायची. उन्हानं पेट्रोल फुगतं. झाकण लावलं, सांडलेलं पुसलं, डबा शेडमध्ये ठेवून आले. सरका, दोरी ओढते.

सासू : थांब जरा.

सून : आता तुम्हीच थांब म्हणताय?

सासू : सकाळपासून या धडधडीत काही ऐकूच आलं नव्हतं. आधी आत ये. पेटीला कान लाव.

सून : आई, ही चिवचिव... अंड्यांच्या आतून?

सासू : आतूनच. एक नाही गं, पुष्कळ आहेत.