आयांच्या घराची पाटी

– नाही हो वहिनी, पडदे खुशाल बदला, मला कसलं वाईट वाटतंय? मीही आल्या आल्या तेच केलं होतं. राष्ट्राध्यक्षाच्या बायकोला या घरात स्वतःच्या मनानं बदलता येतं ते तेवढंच. बसा ना – सोफा सरकारी, आता तुमचाच. यजमान खाली सह्या करतायत ना? करू देत. आमचे हे? वर आहेत. निकाल लागल्यापासून दाढी केलेली नाही – म्हणजे, ताप आहे जरासा. बाहेर तसंच सांगितलंय, तुम्हीही तसंच सांगा.

काम काय असतं म्हणालात ना मघाशी? हसायचं. फीत कापली, हसायचं. रोप लावलं, हसायचं – पाणी घालणारा माळी वेगळा, तो फोटोत नसतो. आणि भाषणात यांनी ‘माझी सावली’ म्हटलं की खाली बघून लाजायचं. या वयात! हसून हसून गाल भरून यायचे माझे. याला समाजसेवा म्हणतात. आणि हो, घरून जेवून निघत जा, तिथं घास उचलला की कुणीतरी नमस्कार करायला हजर.

माझं म्हणावं असं एकच – मोठ्या सरकारी दवाखान्यामागचं आयांचं घर. ज्यांची बाळं काचेच्या पेटीत असतात ना, त्या बाळंतिणींना पाठ टेकायला खोल्या, गरम पाणी, बस. यांना उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळलं. म्हणाले, यात मतं कुठायत? मतं कसली – अहो, मी टाक्यांसकट जिन्यात बसून काढलेत दिवस, आमची पहिली आत पेटीत. रखवालदार म्हणाला, घरी जाऊन झोप बाई, इथं बसायचं नाही. गेले. नि परत येईपर्यंत... चहा घ्या, गार होतोय. हे सांगायचं नव्हतं मला, कुणालाच सांगितलेलं नाही.

तर ते घर तुमची माणसं बंद करणारेत, कानावर आलंय माझ्या. का, तर दारावर माझं नाव. रीतच आहे ती, आमच्यांनीही काय कमी कुलपं ठोकली? म्हणून काल मीच गेले, ड्रायव्हरकडून स्क्रूड्रायव्हर घेतला नि पाटी उतरवली. आतली एक पोरगी बघत होती. ओळखलं? छे! सरकून जागा दिली, म्हणाली, बसा मावशी, कुणाचं बाळ आहे आत? – मी बसले. माझंच, म्हटलं.

दारावरची भोकं तशीच ठेवलीत. तुमच्या नावाची लावा, हवी तेवढी मोठी लावा, मी केलं असं कुठं बोलायची नाही – फक्त घर चालू ठेवा. ठेवाल ना? तेवढं एक सांगून जा.

काय? ‘यांना विचारून सांगते’ म्हणता?

अहो, मी यांना विचारत बसले असते तर – जाऊ दे. जा तुम्ही, खाली फोटोवाले ताटकळलेत. नाही, मी नाही येत. दार तेवढं ओढून घ्या.