खास वर्गाचे पडदे

(धाकटीचं शिवणकामाचं दुकान. ताई तिची थोरली बहीण, शाळेची मुख्याध्यापिका. धाकटीच्या मुलीला, चिमणीला, जन्मापासून ऐकू येत नाही. ती ताईच्याच शाळेत, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या खास वर्गात जाते.)

धाकटी : पडदे होणार नाहीत म्हणजे नाहीत.

ताई : अगं, उद्या तपासणी आहे! सरकारी माणसं दारात उभी राहतील, आणि तू हे आज सांगतेस?

धाकटी : खास वर्गाला पडदे कशाला हवेत, ते सांग आधी.

ताई : ऊन येतं तिथे. मुलांना त्रास होतो.

धाकटी : कुठल्या मुलांना? काल मी मापं घ्यायला आले होते. तू बैठकीत होतीस, म्हणून शिपायानं दार उघडून दिलं. आत मोडकी बाकं, रंगाचे डबे, खोकी. पाय ठेवायला जागा नाही. ताई, त्या खोलीत किती दिवसांत कुणी बसलेलं नाही गं?

ताई : जागेची अडचण आहे. तात्पुरती दुसरीकडे बसतात.

धाकटी : दुसरीकडे म्हणजे व्हरांड्यात, नळापाशी. बघितलं मी. चिमणी तुम्हा लोकांचे चहाचे कप विसळत होती.

ताई : तिला आवडतं ते. कुणी सांगत नाही तिला, स्वतःहून करते.

धाकटी : घरी शाळा-शाळा खेळायला बसली की फडकं घ्यायची आणि सगळे कप पुसून ओळीनं मांडायची. मी हसायचे! म्हणायचे, आमच्या बाईसाहेब शाळा सोडून भातुकली खेळतात. ती शाळाच खेळत होती, ताई. मलाच कळलं नाही.

ताई : हे बघ, डोकं शांत ठेवून ऐक...

धाकटी : खुणांच्या भाषेच्या बाई कुठे असतात?

ताई : वरच्या वर्गांना गणित शिकवतात. काय करू मी? गणिताचे सर सोडून गेले, नवीन माणूस मिळेना. छप्पर गळत होतं. किती अर्ज केले, कुणी ढुंकून बघितलं नाही. या मुलांचं अनुदान तेवढं वेळेवर येतं. त्यातूनच सगळं भागवलं. एक पैसा घरी नेला असेल तर सांग.

धाकटी : नेला असतास तर बरं झालं असतं. चोर म्हणून दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

ताई : सगळ्या शाळेवर छप्पर आलं त्यातून!

धाकटी : आणि ज्यांच्या नावानं आलं ती बाहेर व्हरांड्यात. शेजारच्या गवंड्याचा मुलगा मीच आणला तुझ्याकडे. त्याची आई तयार नव्हती. मी म्हटलं, माझी सख्खी बहीण आहे तिथे, डोळे झाकून पाठव. आता कुठल्या तोंडानं जाऊ तिच्या दारात?

ताई : उद्याचा दिवस निभावून ने. एवढंच मागते. खुणांच्या बाई उद्या वर्गावर असतील. चिमणीला नीट वेणी घालून पाठव, पहिल्या बाकावर बसवते. मुलं कमी दिसली तर अनुदानच बंद होईल. मग त्यांना काहीच मिळणार नाही.

धाकटी : आत्ता काय मिळतंय?

ताई : खोली आज रात्रीच रिकामी करते, आणि तपासणी झाली तरी ती मुलांनाच ठेवते. शब्द देते तुला.

धाकटी : मागच्या तपासणीचा फोटो दिला होतास. चिमणी हात वर करून बाईंकडे बघतेय. मला वाटलं, पोर उत्तर देतेय. चौकट करून लावला मी तो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

ताई : म्हणजे नाही पाठवणार?

धाकटी : नाही. आणि का आली नाही असं त्यांनी विचारलं, तर त्यांना इकडे पाठव. मी आहे दुकानातच.

ताई : माझी नोकरी जाईल. तुझ्या लग्नात आईच्या जागी उभी होते मी.

धाकटी : म्हणूनच तर तपासायला आले नाही कधी.

ताई : बरं. माझं राहू दे. पण सकाळी ती दप्तर घेऊन दारात उभी राहील. मला बघितलं की धावत येऊन गळ्यात पडते. मावशीकडे का जायचं नाही, हे तिला काय सांगशील?

धाकटी : सांगायला भाषा लागते, ताई. ती शिकायलाच तिला तुझ्याकडे पाठवली होती.