गल्ल्यावर दुसरं कुणी

मला आधी एक सांगा ताई, विश्वास कुणावर ठेवायचा — जो स्वतःच्या तोंडाने ‘मी बरा आहे’ म्हणतो त्याच्यावर, की जो शेजारी बसून त्याचं तोंड बघतो त्याच्यावर? — नाही नाही, ही परीक्षा नव्हे, तुमची परीक्षा मघाशीच झाली, औषधांच्या दुकानात इतकी वर्षं गल्ला सांभाळलात, तिथे तर माणसं रडत येतात आणि सुट्ट्यावरून भांडतात, आमच्याकडे फक्त रंगावरून भांडतात. पगाराचं ठरलं, सुट्टीचं ठरलं. आता बसा. त्या खुर्चीतच बसा, काचेमागच्या. नुसतं टेकू नका हो, लग्नात पंगतीची वाट बघत बसल्यासारखं — पाठ टेकून बसा, मालकीण बसते तशी. माझे थोरले बंधू यायचेत, दुकानात निम्मी भागीदारी त्यांची, आणि ते दारात पाय ठेवतील तेव्हा ही खुर्ची भरलेली दिसली पाहिजे. रिकामी दिसली तर ते तिथे माझ्या बायकोला आणून बसवतील. — घाबरू नका, ती धडधाकट आहे. तुमच्या चेहऱ्यावर मला दुखवटा दिसला म्हणून सांगतो. खुर्ची तिचीच, लग्नानंतर वर्षभरात तिथे बसली ती गेल्या सोमवारपर्यंत. काढलं कुणी? मी काढलं. हो, मीच. सगळं गाव मला शहाणपण शिकवून गेलंय, तुम्हीही शिकवा, फक्त बसून शिकवा.

आता कसं झालं ते सांगतो, म्हणजे उद्या शेजारचा फरशीवाला तुमच्या कानात काही ओतेल त्याआधी माझ्याकडून ऐकलेलं बरं. रंगाच्या कंपनीची स्कीम होती. जो विक्रेता ठरलेला माल उचलेल त्याला परदेशात बेटावर सहल, जोडीने. दरवर्षी मी त्या स्कीमचं पत्रक पंख्यासारखं वापरतो, पण यंदा दोन शाळा आणि एक नवी इमारत रंगवायला निघाली आणि आम्ही बसलो विमानात. ही म्हणाली, तुम्ही आणि दादा जा, मी दुकान बघते. दादांना विमानात चक्कर येते म्हणून ती आली, हे लक्षात ठेवा — त्यांना चक्कर येत नसती तर आज तुम्हाला नोकरी नसती. तिथे तिसऱ्या दिवशी कंपनीने आम्हा सगळ्या विक्रेत्यांना बग्गीतून रानात न्यायचं ठरवलं. मला वाटलं, घोडा असेल. घोडा कसला — चार फुगलेली चाकं, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, दार नाही, काच नाही, हॉर्नसुद्धा नाही. मी म्हटलं, हॉर्नशिवाय माणसं बाजूला कशी होणार? तर म्हणे रानात माणसंच नसतात. एकेका बग्गीत एकेक जोडपं, गाडी आपली आपण हाकायची, पुढे एक वाटाड्या — त्याचं नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना, गळ्यात शिट्टी होती म्हणून तो शिट्टीवाला. त्याने डोळ्यांना चष्मे दिले, तोंडाला बांधायला फडकी दिली, आणि सांगितलं की वाटेत तीन ठिकाणी थांबून पोहायचंय, आणि चिखल आला तर पाय काढायचा नाही, वेग कमी करायचा नाही, सरळ घुसायचं.

आता मला सांगा, ज्या माणसाने उभा जन्म बाजारपेठेत गाडी चालवली, त्याला डबकं दिसलं की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो की नाही? कुणाच्या अंगावर उडालं तर उद्याचं गिऱ्हाईक गेलं. पहिलं डबकं आलं, मी अदबीने वेग कमी केला, आणि बग्गी म्हशीसारखी बसली. मी पाय दाबतोय, चाकं जागच्या जागी फिरताहेत, आणि चिखल सगळा आमच्याच अंगावर. मागे रांग लागली. आमच्यात एक विक्रेता आहे, माझ्याच धंद्यात भाव पाडून माझी गिऱ्हाइकं पळवत आलाय, त्याला आम्ही डिस्काउंट म्हणतो — तो मागून ओरडतो, “शेठ, रंगाचा पहिला हात झाला, आता दुसरा कधी मारताय?” सगळे हसले. आणि ही मला म्हणाली, “सरका.” एवढंच. मी सरकलो. — नाही, तिला गाडी येते हो, लायसन आहे. दादांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी आमची मालाची तीनचाकी तीच घेऊन जायची, डबे पोचवायची आणि येऊन परत गल्ल्यावर बसायची. तिने बग्गी आधी मागे घेतली, मग पुढे, मग पुन्हा मागे, झोका द्यावा तशी, आणि निघाली की ती बाहेर. आणि मग थांबेचना. पुढचं डबकं आलं की मी डोळे मिटायचो आणि ही मुद्दाम त्यातूनच न्यायची, कोरडा रस्ता शेजारी असताना. आणि हसत होती. तुम्ही गिऱ्हाइकासमोर हसता ना, मीही हसतो, ते धंद्याचं हसू, त्याला खर्च नाही. हे तसं नव्हतं. फडकं सुटून गळ्यात आलेलं, दातांना चिखल लागलेला, आणि पोटातून, अगदी बेंबीच्या देठापासून. मी तिच्याकडे असा बघत होतो की कुणाच्या तरी बायकोशेजारी चुकून बसलोय.

मग पहिला थांबा. पायऱ्या उतरून गुहेत गेलो तर खाली डोह. आता रंगाचं मला सांगू नका, माझ्या कार्डावर निळ्याच्याच छटा मोजून दमाल इतक्या आहेत, पण तो निळा त्यात नव्हता. कुणी येऊन म्हणालं असं काहीतरी मिसळून द्या, तर मी मशीन बंद करून घरी जाईन. आम्ही सगळे नारिंगी जाकिटं घालून कमरेएवढ्या पाण्यात उभे, हातगाडीवर मांडलेल्या पपयांसारखे. पाणी गार, प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतोय, छान आहे, छान आहे. ही काठावरच्या खडकावर चढली. मला वाटलं फोटो काढायला. तिने जाकीट काढलं, चष्मा काढला, दोन्ही माझ्या हातात दिले, “धरा” म्हणाली, आणि गेली. उडी मारली ताई, डोकं खाली करून. पाणी मिटलं, जसं काही झालंच नाही. मी वाट बघितली. मग — म्हणजे लोक वाढवून सांगतात, पण शिट्टीवाल्याच्या गळ्यातली शिट्टी मी ओढली हे खरं आहे, आणि ती वाजवली हेही खरं आहे. दोरीसकट ओढली, बिचारा अर्धा वाकला. आणि ही पलीकडे, जिथे वरच्या भोकातून ऊन पडत होतं तिथे, वर आली, केस मागे सारले आणि विचारते, “काय झालं?” सगळ्यांच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मी सगळ्यांना सांगितलं, त्यात काय, मला माहीत होतं. माझे सासरे नावाडी, तीस वर्षं होडी चालवली त्यांनी नदीवर. नावाड्याची मुलगी पोहणार नाही तर काय पेटी वाजवणार? — माहीत होतं म्हणजे, तेव्हा कळलं. सासरे नावाडी हे माहीत होतं, बेरीज केली नव्हती.

दुसऱ्या थांब्याला नदी होती, वरून धबधबा. तिथेही ती आत होती, आम्ही काठावर. मग पुढे गाडी पुन्हा मी घेतली. तिनेच दिली. — म्हणजे, मी मागितली. — असं बघू नका हो. तो डिस्काउंट मघापासून सगळ्यांना विचारत होता की या दुकानाचा मालक नक्की कोण, आणि मी आपलं हसून म्हटलं, “पुरे आता.” तिला म्हटलं. दोनच शब्द, हळू आवाजात. ती लगेच उतरली, फिरून या बाजूला आली, बसली, फडकं नीट बांधलं. रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. तिसरा थांबा समुद्राचा, आणि तिथे सगळे पाण्यात धावले, तो डिस्काउंटसुद्धा, आणि ही वाळूत बसून राहिली. सगळ्यांच्या चपला ओळीने लावल्या, पाकिटं मांडीवर घेतली, टॉवेल घड्या घालून रचले. मी म्हटलं, जा ना. तर म्हणाली, “असू दे, मी बरी आहे इथे.” आणि ताई, तो चेहरा मी ओळखला. तो या काचेमागचा चेहरा होता. इतकी वर्षं मी तो तिचाच समजत आलो.

परत आलो. आल्या दिवशी ही खुर्चीत येऊन बसली, दिवसभराच्या पावत्या लावल्या, मला म्हणाली, तुमच्या मागे दादांनी टर्पेंटाईनचा भाव चुकीचा लावलाय. सगळं जिथल्या तिथे. मला मात्र काउंटरवर उभं राहवेना. गिऱ्हाईक विचारायचं, हा रंग धुतला तर टिकेल का, आणि मी तिच्याकडे बघत राहायचो. मग एक दिवस पोहण्याच्या तलावावर गेलो. तिथल्या बाईंना म्हटलं, बायकांना शिकवायला कुणी आहे का? म्हणाल्या, नाही, बायका येतात आणि कठडा धरून परत जातात. मी हिचं नाव देऊन आलो. जेवताना हिला सांगितलं. तिने पळी खाली ठेवली आणि मला विचारलं, “म्हणजे मला काढून टाकलंत?” त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. ‘जेवण झाकलंय’ एवढंच. पण जाते. सोमवारपासून रोज जाते, कारण मी सांगितलंय, आणि मी सांगितलेलं तिने कधी मोडलेलं नाही.

मोठ्या मुलाचा फोन आला, तो वकील, सगळ्या बाजूंनी बोलतो, त्याचा धंदाच तो. म्हणाला, बाबा, तिकडे ‘पुरे’ तुम्हीच म्हणालात आणि इकडे ‘जा’ तुम्हीच म्हणताय, आईला कुणी विचारलं? बरोबर आहे त्याचं. मी कुठे नाही म्हणतो? पण विचारलं तर ती ‘मी बरी आहे इथे’ म्हणणार, हे ठरलेलं. मी सांगितलेलं ऐकायची तिला खोड लागलीय, ती माझ्यामुळेच लागलीय, मग ती खोड एकदा तरी तिच्या कामाला येऊ दे. दादांचं वेगळंच. ते म्हणतात, निदान लोकांना सांग की तिची पाठ दुखते म्हणून खुर्चीत बसवत नाही. मी म्हटलं, तिची पाठ तुमच्या-माझ्या पाठीपेक्षा चांगली आहे, आणि कुणी विचारलं तर मी सांगणार की आमची बायको बायकांना पोहायला शिकवते. सांगणार म्हणजे सांगतोच. काल फरशीवाल्याला दोनदा सांगितलं, त्याने एकदाच विचारलं होतं.

आणि काल मी — हे तिला सांगू नका — काल मी तलावाच्या मागच्या बाजूला गेलो होतो. भिंतीला जाळी आहे तिथे. चोरासारखा उभा होतो, हो, स्वतःच्या बायकोला बघायला. एक चांगली जाडजूड बाई पाण्यावर उताणी, आणि ही तिच्या पाठीखाली हात धरून चालतेय, आणि ती बाई ओरडतेय सोडू नका, सोडू नका, आणि हिने कधीच सोडलं होतं. आणि हसत होती. ते हसणं मी जाळीच्या अलीकडून ऐकलं. तसा निघून आलो. दुकानात येऊन एका गिऱ्हाइकाला पिवळ्याच्या जागी पांढरा डबा दिला. रात्री विचारलं, कसं चाललंय? तर म्हणते काय — हे पहिलं धड वाक्य इतक्या दिवसांतलं — “तुम्ही पाठवलंत म्हणून जाते. दुकान माझ्यावाचून अडलं की दुसऱ्या दिवशी खुर्चीत.”

ऐकलंत? अडलं की. म्हणून तुम्ही. दुकान अडता कामा नये. आणि आमच्याकडे अडायचं असलं तर ते कुठे अडेल, ते तिला आणि मला दोघांनाच माहीत आहे. मला एक वाईट सवय आहे. चहा आला, हमाल आला, देणगीवाला आला, की मी गल्ल्यात हात घालतो आणि लिहीत नाही. ती लिहायची, मला न विचारता, माझ्या हाताकडे बघून. संध्याकाळी ती येईल, वही उघडेल, बेरीज मारेल, आणि एवढासा फरक निघाला की म्हणेल, बघा, आणि पदर खोचून बसेल. मग तिला उठवायला मला आणखी एक बेट लागेल, आणि दोन शाळा दरवर्षी रंगत नाहीत.

थांबा — ही दादांची स्कूटर. मागे तीही आहे. तिला घेऊनच आलेत, बघितलंत? — उठू नका. कुणी मोठं माणूस आलं की उठायचं हे तुम्हाला आईने शिकवलं असेल, आज विसरा. दादा ओरडतील, ते माझ्यावर, तुमच्यावर नाही. ती ओरडणार नाही, ती आधी तुमच्याकडे बघेल आणि मग वहीकडे. मी आता चहा सांगायला वीस काढले, दिसले ना? लिहा. माझ्या नावावर लिहा, शेठ म्हणून सोडू नका, मी डोळे मिचकावले तरी सोडू नका. हिशोब खरा ठेवा ताई, एवढं एक करा. बाकी काय व्हायचं ते दारात होऊ दे — मान खाली घाला आणि लिहा.