नोंदणी होईपर्यंत

माझी चुलत बहीण मेघाताई परदेशात जनावरांची डॉक्टर झालीय ना, तिचंच सांगते. इथली परीक्षा देऊन नोंदणी होईपर्यंत तिला उपचार करता येत नाहीत. परवा शेजारच्या रामूकाकांची गाय विताना अडली.

"पोरी, तूच बघ. डॉक्टर द्वारका चौकात ट्रॅफिकमधी अडकलाय," काका रडकुंडीला आले होते.

ताई उठलीच, पण तिचे बाबा म्हणाले, "गाय दगावली तर हाच तक्रार करेल. मग कसली नोंदणी!"

ताई गोठ्याच्या दारातच थांबली. "एकच खूर दिसतोय. दुसरा पाय आत दुमडलाय," एवढंच पुटपुटत राहिली.

डॉक्टर पोहोचले तेव्हा गाय नुकतीच गेली होती. निदान वासरू तरी काढावं म्हणून बाह्या सरसावत ते ताईला म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा, ताई. तुम्हाला बघवणार नाही."