लवंगेच्या तेलाची कबुली

मंगळवारी सकाळी एका दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात, उजवा गाल सुजलेले एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसले, तेव्हा कानी पडलेले हे संभाषण.

"अहो, आत गेलात की लवंगेच्या तेलाचं आधी सांगा."

"ते काय औषध आहे? झाडाची कळी ती."

"कळी चघळणं वेगळं आणि तिचा अर्क पिणं वेगळं. बाटलीवर लिहिलंय, एकच थेंब, तोही चमचाभर खायच्या तेलात. तुम्ही चार थेंब पाण्यात घातलेत."

"नीट ढवळून घातले."

"तेल पाण्यात ढवळून विरघळतं का? म्हणून तर जीभ भाजली."

"जीभ माझी आहे."

"रक्त पातळ करायची गोळीही तुमचीच आहे. त्यात हे तेलही रक्त पातळ करतं. दात काढल्यावर रक्त थांबलंच नाही तर?"

"उगाच डॉक्टरांच्या डोक्यात नसती शंका घालू नकोस."

"वहिनींनी त्यांच्या तेलाचं सरळ सांगून टाकलं होतं. त्यांचा दात काढणं डॉक्टरांनी लांबणीवर टाकलं."

"लांबणीवर?"

"हो."

"मग लपवण्यात काय अर्थ आहे? सिस्टर, जरा ऐकता का? मी लवंगेचं तेल पितो."

"किती पिता, काका?"

"चांगले दहा थेंब."

"अहो, आत्ता तर चार होते."

"ते दात आजच निघणार होता तेव्हाचे."

परिचारिका आत जाऊन डॉक्टरांना विचारून आल्या.

"तेल आजपासून बंद. रक्त तपासल्याशिवाय दात काढायचा नाही. काका, बाही वर करा, सुई टोचायची आहे."