भागाजीनं पुरलेला दगड

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा! माणूस बदलला, हे कळतं कशावरून? नाव बदललं म्हणून? गळ्यात क्रूस आला म्हणून? रविवारी पांढरंशुभ्र धोतर नेसला म्हणून? — अहो, पांढरा तर बगळाही असतो! हसताय काय, काही बगळे पहिल्याच रांगेत बसलेत!

बरं, ऐका. प्रवरेकाठचं एक गाव. जुनी गोष्ट — आपलं प्रभूचं देऊळ तेव्हा पत्र्याचं, अन् घंटा म्हणून लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला. तो वाजला की तीन वस्त्यांतली माणसं फडक्यात भाकरी बांधून चालत यायची. चालत! आज दारात फटफटी असून आपल्याला उशीर होतो. काय दिवस होते हो ते!

तर त्या गावात होता भागाजी भिंगारदिवे. हाडाचा कष्टाळू, पण एक खोड — बांध कोरायचा! शेजारचं वावर सख्ख्या धाकट्या भावाचं, रंभाजीचं. दरसाल नांगराची दोन तासं, दोन चरांएवढी जमीन, हा गुपचूप आपल्याकडं ओढायचा. बापानं पुरलेला हद्दीचा दगडसुद्धा उपटून विहिरीत टाकला! बारा वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. लग्नात नाही, मयतीत नाही.

असा हा भागाजी प्रभूकडं वळला. दारू सुटली, शिवी सुटली, बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. आदल्या दुपारी जेवताना मोठ्या खुशीत बायकोला म्हणतो, "गऊ, उद्या माझी सगळी पापं धुऊन जाणार!"

गऊबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "पापं जातील हो. पण वावर?"

भागाजीनं हातातला घास ताटात टाकला! तिचा राग आला, अन् ती खरं बोलली म्हणून जास्तच राग आला. ताटावरनं उठला. डोक्यावर एक धोंडा, हातात पहार — थेट रंभाजीच्या दारात! पाठोपाठ गऊबाई.

रंभाजी कुऱ्हाड घेऊनच बाहेर आला. "आता काय घर कोरतोस?"

"नाही रे. दगड पुरायचाय. जुनी हद्द मला नीट आठवंना. तू दाखवशील तिथं पुरतो."

रंभाजीनं कुऱ्हाड दाराला टेकवली. मनात म्हणाला, बघू तरी ह्याचा देव कितीसा मुरलाय! वावरात गेला, अन् खरी हद्द ओलांडून भागाजीच्या रानात आणखी आठ पावलं चालत गेला. "हितं!"

भागाजीला कळलं नाही होय? त्यानं स्वतःच्या वाटणीत लावलेलं बोरीचं झाड सरळ पलीकडं जात होतं! हात पहारीवर आवळला. जुना भागाजी आतून ओरडला — हाण! गऊबाई बांधावर उभी. अन् भागाजीनं पहार उचलली… आणि खड्डा घेतला. दगड पुरला. पायानं माती दाबली.

"बरोबर आहे ना, रंभा?"

"बरोबर," रंभाजी म्हणाला, अन् मान खाली घालून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी भागाजीचा बाप्तिस्मा झाला. धोतर नवं होतं, नखांत माती होती.

रंभाजीनं ती जमीन परत दिली? नाही! जन्मभर कसली. पण दर हिवाळ्यात तिथला पहिला हुरडा भागाजीच्या घरी जायचा. भागाजी म्हणायचा, "गोड आहे रे!" रंभाजीच्या घशाखाली मात्र तो कधी उतरला नाही.

मला कसं ठाऊक? अहो, रंभाजी माझा आजा! त्या आठ पावलांतली ज्वारी खाऊन हा देह वाढला! म्हातारा मला बांधावर नेऊन सांगायचा, "पोरा, हे आपलं नाही. मला लाज आडवी आली. तू तरी ह्या देणाऱ्याचा देव शोध." मी शोधला. कुणा उपदेशकानं नाही, मंडळी — मला त्या दगडानं प्रभूकडं आणलं!

आता तुमचं बोला! गाता सुरेख, साक्ष देताना तर सभा रडवता! पण तुमचा भाऊ आज तुमच्या शेजारी का बसलेला नाही? बायकोला विचारू नका, तिला ठाऊकच आहे. उठा, आधी त्याच्या दारात जाऊन या. आमेन आपण मागाहून म्हणू!